नको असताना पाय तिकडेच का वळतात? (गीता ३.३६)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला छत्तिसावा. कर्मयोग सांगून होत आलाय, आणि अर्जुन मध्येच एक प्रश्न टाकतो. मला तो अख्ख्या गीतेतला सगळ्यात 'आपला' प्रश्न वाटतो. आत्मा कसा असतो, ब्रह्म म्हणजे काय, असलं काही तो विचारत नाही. तो विचारतो की माणसाची इच्छा नसते, तरीही तो पाप करतो, जणू कुणीतरी मानगूट धरून त्याला कामाला जुंपलंय. हे करवतं तरी कोण?

प्रश्नातली गंमत बघा. वाईट माणूस वाईट का वागतो, हे अर्जुनाने विचारलेलं नाही. ज्याला करायचं नाहीये, त्याच्या हातून का होतं, हे विचारलंय.

आपल्या ग्रुपवर हा श्लोक निघाला की चर्चा मोबाईलवर जाते. रात्री दीड वाजेपर्यंत रील्स बघणं, रागात पाठवलेले मेसेज, उपासाच्या दिवशी मागवलेला पिझ्झा. ठीक आहे, तीही उदाहरणंच आहेत. पण आज मला हा श्लोक जिथे खरा जळतो तिथे न्यायचाय. दारूपाशी. आणि हो, 'आपण फक्त वीकेंडला घेतो' म्हणणाऱ्या मंडळींनीही वाचावं. शनिवारी पार्टी आणि सोमवारी शंकराला अभिषेक अशी आपल्यातल्या अनेकांची आठवड्याची मांडणी आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

माझं आजोळ हदगाव तालुक्यातलं. पैनगंगेच्या अलीकडचा भाग, हळद, कापूस, सोयाबीन. तिथे माझा मामेभाऊ असतो, मी त्याला दादाच म्हणते. नाव सांगणार नाही, का ते पुढे येईलच. सप्ताहात पखवाज धरणारा माणूस. हरिपाठ तोंडपाठ. दोनदा गळ्यात माळ घातली आणि दोनदा ती खुंटीला गेली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "माय, मला प्यायची नसती गं. देवाशप्पथ नसती. रोज सकाळी उठून ठरवूलालो. अन् सांज झाली की पाय तिकडंच वळूलालेत. कामून?"

मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये उभी होते. अर्जुनाचा छत्तिसावा श्लोक हदगावच्या बोलीत ऐकला तो तेव्हा.

आता कृष्ण काय उत्तर देतो ते नीट बघू, कारण इथे आपण घाई करतो. सदतिसाव्या श्लोकात तो शत्रूचं नाव सांगतो: काम, आणि त्याचंच दुसरं रूप क्रोध. कधी पोट न भरणारा. बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात आणि 'म्हणून वासना सोडा' असं सांगून मोकळी होतात. पण खरं काम चाळिसाव्या श्लोकात आहे. हा शत्रू बसतो कुठे? तर इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत. बुद्धीतसुद्धा!

म्हणजे ज्या बुद्धीने मी 'आजपासून बंद' असं ठरवणार, तिच्यातच तो खुर्ची टाकून बसलाय. सकाळी ठरवतो तो दादा, आणि संध्याकाळी 'आज एवढंच, उद्यापासून बंद' असं समजावतो तोही दादाच. बाहेरचा कुणी आला असता तर ओळखू आला असता. हा घरच्याच आवाजात बोलतो. म्हणून 'मनावर घेतलं की सुटते' हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. ज्याच्यावर घ्यायचं ते मनच गहाण पडलंय.

डॉक्टर हेच वेगळ्या भाषेत सांगतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच मद्यासक्ती हा आजार मानला. आपल्याकडे अजून लोक विचारतात, आजार की पाप? मला वाटतं, गीतेला हा प्रश्न एवढा अडचणीचा नाही. अर्जुन 'पाप' हा शब्द वापरतो आणि त्याच वाक्यात 'इच्छा नसताना' असंही म्हणतो. दोन्ही एकत्र. कृष्ण त्याला दुरुस्त करत नाही.

मग पुढचा श्लोक, एकेचाळिसावा. कृष्ण म्हणतो, म्हणून आधी इंद्रियांना आवर. आधी! बुद्धीला पटवून दे, मग मन वळव, मग इंद्रियं आपोआप येतील, असा आपला शाळेतला क्रम असतो. इथे तो उलटा आहे. सुरुवात शरीरापासून. पाय कुठे जातात, संध्याकाळी साडेसहाला तू कुठल्या खुर्चीवर बसलेला असतोस, तिथून. दादाला मी फोनवर हे एवढंच सांगू शकले की पाय तिकडे वळतात ना, तर त्या वेळेला पायांना दुसरीकडे कुठेतरी न्यायला हवं.

कुठे, हा प्रश्न होता.

पण त्याआधी एक अडथळा. आपल्यातल्या कुणीही हा लेख वाचताना मनात सहाव्या अध्यायाचा पाचवा श्लोक आणला असेलच. आपला उद्धार आपणच करायचा, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. जिममधल्या भिंतीवरही तो लावलेला मी पाहिलाय. मग दारू सोडायला लोकांच्या मीटिंगा कशाला? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, पहिली पायरी तर याच्या बरोबर उलट बोलते: दारूपुढे आमचं काही चालत नाही, हे आम्ही कबूल केलं. उद्धार स्वतः कर म्हणणारी गीता बरोबर, की माझं काही चालत नाही म्हणणारी मीटिंग?

मी यावर बरेच दिवस अडले होते. वाट दुसऱ्या अध्यायात सापडली.

आठवा, अर्जुन रथात धनुष्य टाकून बसलाय. कृष्ण पहिल्यांदा काय करतो? रागावतो. दुसरा आणि तिसरा श्लोक ही सरळ खरडपट्टी आहे. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. आणि त्याचा परिणाम? शून्य. अर्जुन आणखी चार कारणं सांगतो. मला हे फार धीर देणारं वाटतं. साक्षात भगवंतानेही खरडपट्टी काढून काम झालं नाही, तर दारू पिणाऱ्याला चार नातेवाइकांनी ओट्यावर बसवून झापल्याने ते कसं होईल? मग येतो सातवा श्लोक. मला काही कळेनासं झालंय, माझा स्वभावच झाकोळलाय, मी तुला शरण आलोय, तू सांग. आणि त्यानंतर अकराव्या श्लोकापासून उपदेश सुरू होतो. कबुलीनंतर. तिच्याआधी एक अक्षर नाही.

तर 'माझं काही चालत नाही' हे वाक्य गीतेच्या विरोधात नाही, ते गीतेच्या दारात आहे. आणि सहाव्या अध्यायातला स्वतःने करायचा उद्धार? तो इथेच आहे, या वाक्यात. हे वाक्य दुसरं कुणी तुमच्या वतीने बोलू शकत नाही. वहिनीने दहा वेळा कुणाकुणाला फोन केले होते. पण त्या सकाळचा फोन दादाचा होता. आपण आपलं मित्र होणं म्हणजे तो फोन, असं मला वाटतं. बुडणाऱ्याने हात वर करणं हे त्याचंच काम. दोर टाकणारे वेगळे असतात.

एएची गोष्टसुद्धा एका फोनचीच आहे, आणि ती सांगायलाच हवी. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात आला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले. सौदा फिसकटला, खिशात पैसे नाहीत, परक्या गावातलं हॉटेल, एका बाजूला बारमधला हसण्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला फोन. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. मागणी काय? मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. म्हणजे 'मला वाचवा' असं नाही, 'माझ्यासारखाच एक जण शोधून द्या.' फिरत फिरत तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोहोचला आणि त्यांनी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथशी घालून दिली. डॉक्टर बॉब पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून आले होते. दोघं सहा तासांहून जास्त बोलत बसले. पुढे १० जून १९३५ हा डॉक्टर बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस एएचा स्थापना दिवस मानला गेला.

त्या दिवशी अ‍ॅक्रनमध्ये मीटिंग नव्हती. बिलने शोधली, म्हणजे केली. दारू न पिण्यासाठी एकत्र बसलेले दोन माणसंसुद्धा पुरतात, अशी त्या लोकांची व्याख्या आहे.

'पण मला देव आहे ना, मग माणसं कशाला?' हा प्रश्न भक्तांकडून हमखास येतो, दादाकडूनही आला. त्याचं उत्तर मला अ‍ॅक्रनपेक्षा हदगावच्या शेजारीच मिळालं. नरसीचे नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यातले. विठ्ठलाशी बोलणारे, त्याच्या ताटात जेवणारे. संतांच्या मेळ्यात गोरोबा काकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेव कच्चं मडकं निघाले, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नामदेव रुसून पंढरपूरला आले. आणि विठ्ठलाने काय सांगितलं? 'तू माझाच आहेस, लोकांकडे लक्ष देऊ नकोस' असं नाही. सांगितलं, औंढ्याला जा, तिथे विसोबा खेचर आहे, त्याच्याकडे शीक. देव समोर उभा आहे, आणि देवच म्हणतोय की माणसाकडे जा. तेही कसला माणूस? पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! नामदेवांना पहिल्यांदा तो पटलाच नाही.

दादाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. कीर्तनात त्याने तिच्यावर पखवाज वाजवलाय. मी फक्त एवढंच विचारलं, "दादा, तुझं औंढा कुठाय?" तो हसला. बऱ्याच महिन्यांनी.

आता शोधण्याबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी हे आज रात्रीच लागेल.

पहिलं पाऊल मीटिंग नाही, डॉक्टर. हे ठळक अक्षरात वाचा. जो माणूस रोज आणि भरपूर पितो, त्याने एका दिवसात बंद केलं तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि काहींना दोन-तीन दिवसांत फिट्स येतात, नाही ते दिसायला-ऐकायला लागतं. गावाकडे त्याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात. ते बाहेरचं नसतं, अंगातली दारू उतरत असते, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर जीवही जातो. सप्ताहात माळ घालून त्याच रात्री दारू तोडणाऱ्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. संकल्प कितीही पवित्र असला तरी मज्जासंस्थेला तो कळत नाही. आणि ते 'नकळत चहातून द्या, दारू सुटेल' वालं औषध? डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. लपवून दिलं आणि वर तो प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते. प्रेमाने केलेली फसवणूक, पण फसवणूकच.

दादा आधी नांदेडला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात गेला. काही दिवस भरती राहिला. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसची १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं. हे दोन आकडे फोनमध्ये ठेवायला काही लागत नाही.

मग मीटिंग. आम्ही दोघांनी फोनवर शोधाशोध केली. एएच्या हेल्पलाइनवर बोललो, दवाखान्यातल्या समुपदेशकांना विचारलं. दादाला जमेल अशी मिळाली ती नांदेडची. हदगावहून वारंगा फाटा, अर्धापूर करत एसटीने दीड-दोन तास. आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांसाठी मोबाईलवरची ऑनलाइन मीटिंग. कोविडच्या काळात या मीटिंगा झूमवर आल्या आणि तालुक्याच्या गावांसाठी ते वरदान झालं. रेंज असेल तर.

त्यांची पद्धत मला आवडली, कारण तिच्यात काहीच नाही. फी नाही, हजेरी नाही, आडनाव विचारत नाहीत. पात्रता एकच, दारू सोडण्याची इच्छा. खर्चासाठी शेवटी एक डबा फिरतो, त्यात सदस्यच जमेल तेवढं टाकतात, बाहेरच्यांकडून घेत नाहीत. एकेक जण उठतो आणि स्वतःबद्दल बोलतो. दुसरा त्याला मधेच सल्ला देत नाही. उपदेश बंद! विचार करा, आपल्या मराठवाड्यात चार माणसं बसलीत आणि कुणीही कुणाला शहाणपण शिकवत नाहीये. काही मीटिंगा खुल्या असतात, तिथे घरच्यांना बसता येतं. एकीत मीही बसले. तिथे काय ऐकलं ते लिहिणार नाही, तो त्यांचा नियम आहे. चहा बरा होता एवढं सांगते.

तामशाच्या बारालिंगाची भाजी-भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावोगावचे लोक घरून भाकरी घेऊन येतात आणि भाजी सगळ्यांची मिळून एक. भाकर आपली, पंगत सगळ्यांची. त्या खोलीत मला तेच आठवत होतं.

आता लाज. दादाने एकदा सांगितलं आणि मी त्यावर अजून विचार करतेय. म्हणाला, दुकानावर जाताना कधी लाज वाटली नाही, मीटिंगला जाताना वाटती. अख्ख्या गावाला माहीत आहे की हा पितो. पण हा सोडतोय हे मात्र कुणाला कळू नये! पुण्या-मुंबईत अनामिक राहणं सोपं, समोरच्या फ्लॅटमधल्याचं नाव माहीत नसतं. हदगावच्या बसस्टँडवर अनामिक कसं राहणार? तिथे तीन जण तरी विचारतात, कुठं निघालास. दादा सांगायचा, "नांदेडला तारीख हाय." लोक मान डोलवायचे. बांधाच्या भांडणासाठी कोर्टाच्या चकरा मारणाऱ्या माणसाला गावात इज्जत आहे. सत्यव्रताचा प्रश्न म्हणून ग्रुपवर यावर वाद घाला हवं तर. मी दादाच्या बाजूने मत देईन.

ही लाज किती महाग पडते त्याचा आकडा आहे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ५.७ कोटी. आणि ज्यांना दारूचं अवलंबित्व आहे अशा ३८ जणांमागे कसलीही मदत मिळालेला माणूस एक. भरती होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. बाकीचे कुठे आहेत? घरीच. त्यांच्या घरच्यांसकट.

एक आक्षेप एका मैत्रिणीने घेतला होता, तो टाळत नाही. ही पद्धत ख्रिस्ती मंडळींतून आलेली, आपण आपलं सोडून तिकडे का जायचं? मुळं तिथलीच आहेत, हे खरं. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून बिल आणि बॉब दोघेही आले होते. पण त्यांच्या पायऱ्यांमध्ये देव हा ज्याला जसा समजला तसा, असं म्हटलंय. न मानणारेही तिथे बसतात. नांदेड हे तर गुरू गोविंदसिंगांचं गाव, संगत आणि पंगत हे शब्द तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. दादा डोळे मिटून विठ्ठल म्हणतो. शेजारचा काय म्हणतो ते त्याने विचारलेलं नाही.

आणि मराठीत आपलं काही नाही असंही नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. पुन्हा तेच: ज्याचा पाय त्या चिखलात रुतला होता, तोच दुसऱ्याला बाहेर यायची वाट दाखवतो.

आता वहिनी. भक्तांच्या लेखात ही नेहमी शेवटच्या ओळीत येते, म्हणून मुद्दाम मोठा परिच्छेद.

नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी माणूसही मला भजू लागला तर त्याला साधूच मानावं. हा श्लोक दादाच्या बाजूने कुणीतरी वहिनीला ऐकवला. आता झालं गेलं विसर, देवाने माफ केलंय. वहिनीचं मंगळसूत्र दोनदा सावकाराकडे गेलंय. मुलीच्या फीचे पैसे गेलेत. श्लोक ऐकवणाऱ्याला मला सांगायचंय की पुढचं वाक्यही वाच. साधू का मानावं, तर त्याचा निश्चय योग्य झालाय म्हणून. निश्चय दिसावा लागतो. एएच्या आठव्या आणि नवव्या पायरीत, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि जिथे शक्य आहे तिथे ते भरून द्यायचं, असं आहे. आजार आहे म्हणून हिशेब माफ, असं ते म्हणत नाहीत. दादा आता दर महिन्याला काही रक्कम वहिनीच्या खात्यावर टाकतो. थोडीच. ती पासबुक भरून आणते आणि एक शब्द बोलत नाही. तिने माफ केलंय की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या श्लोकवाल्याला तर नाहीच.

बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट सुरू केला. पिणाऱ्याचं पिणं तुमच्यामुळे नाही आणि ते थांबवणंही तुमच्या हातात नाही, हे तिथे शिकवतात. वहिनीला हे पहिलं वाक्य ऐकायला अठरा वर्षं लागली. सासरी सगळे म्हणायचे, बायको चांगली असती तर प्याला नसता. ती ऑनलाइन मीटिंगला बसते, कॅमेरा बंद करून, गोठ्यात. घरात बोलता येत नाही म्हणून.

हे सगळं करून दारू सुटतेच का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. एएकडे नेणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांनंतर ३५ टक्के. फरक खरा आहे, आणि अर्ध्याहून जास्त लोक मधे कुठेतरी घसरतात हेही खरं आहे. चमत्कार शोधणाऱ्यांची यात निराशा होईल.

दादाही घसरला. सात महिन्यांनी, एका लग्नात. चार दिवस फोन बंद. नंतर म्हणाला, "आता कोणतं तोंड घेऊन जाऊ नांदेडला?"

सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारलंय. श्रद्धा आहे, पण मन मधेच ढळलं, असा माणूस फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? कृष्ण त्याला 'बाळा' म्हणावं तशा मायेने उत्तर देतो. पूर्ण गीतेत हा सूर फार कमी वेळा लागतो. चांगल्या वाटेला लागलेल्याची दुर्गती होत नाही. जिथे राहिलं होतं तिथून पुढे चालू होतं. कृष्ण बोलतोय पुढच्या जन्माबद्दल, मी ते पुढच्या मंगळवारच्या मीटिंगबद्दल वाचलं. भाष्यकारांनी क्षमा करावी. दादा गेला. त्याने तिथे उठून सांगितलं की दिवस पुन्हा एकपासून मोजतोय, आणि कुणी काही म्हणालं नाही. शेजारच्याने त्याच्याकडे चहा सरकवला. (हे दादाने स्वतः सांगितलंय, लिहायची परवानगी घेतलीय.)

आज त्या गोष्टीला चौदा महिने झालेत. एसटीच्या चकरा परवडत नाहीत म्हणून त्याने नांदेडच्या मंडळींना विचारून तालुक्यातच दर शुक्रवारी संध्याकाळी एक खोली मागून घेतलीय. खोली कुणाची ते सांगणार नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सतरंजी, थर्मासभर चहा. पहिले तीन शुक्रवार तो एकटाच होता. तास भरेपर्यंत बसायचा, सहावा अध्याय वाचायचा, चहा एकट्याने संपवायचा आणि कुलूप लावून घरी यायचा. चौथ्या शुक्रवारी एक जण दारापर्यंत आला, आत न येता परत गेला. गेल्या शुक्रवारी तोच आला आणि बसला.

उद्या श्लोक सदतिसावा. राम कृष्ण हरी.